रजेच्या कागदावर सही कोणाची?

तुरुंगात असलेला माणूस चार दिवस घरी यावा म्हणून अर्ज केला, तर ‘हो’ किंवा ‘नाही’ कोण म्हणतं? आणि असं म्हणणाऱ्याला त्या माणसाबद्दल, त्याच्या घराबद्दल, त्याच्या गावाबद्दल काय माहीत असतं?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ज्यांच्या घरचं कोणी शिक्षा भोगतं आहे, ते हाच प्रश्न साध्या शब्दांत विचारतात: “वकीलसाहेब, आता कोणाला भेटायचं?” सिनेमात पाहिलेलं, बातम्यांत वाचलेलं ‘पॅरोल बोर्ड’ त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. लांबलचक टेबल, त्यामागे चार-पाच शहाणी माणसं आणि समोर कैदी. असं टेबल खरंच असतं का, त्यामागे कोण बसतं आणि तिथे बसायला काय शिकलेलं असावं लागतं, हे या प्रकरणात एकेक पायरी चढत समजून घेऊ.

1. रजा, माफी आणि सुटका

आधी तीन शब्द वेगळे करू, कारण बोलताना ते एकमेकांत मिसळतात.

पहिला शब्द फर्लो. आपल्या सरकारी मराठीत त्याला ‘संचित रजा’ म्हणतात. नोकरदाराची रजा खात्यावर साठते, तशी ठरावीक काळ तुरुंगात काढल्यावर कैद्याला ही रजा मागता येते. कारण सांगावं लागत नाही. घरच्यांशी नातं टिकावं, एवढाच तिचा हेतू. रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात.

दुसरा शब्द पॅरोल, म्हणजे ‘अभिवचन रजा’. घरात कोणी गंभीर आजारी आहे, बायको बाळंत होणार आहे, पुरात किंवा आगीत घर गेलं आहे, अशा कारणासाठी ही रजा मिळते. ‘पॅरोल’ या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच ‘दिलेला शब्द’ असा आहे. कैदी परत येण्याचा शब्द देतो आणि बाहेर पडतो. हे दिवस मात्र शिक्षेत धरले जात नाहीत.

तिसरी गोष्ट शिक्षेतली सूट, म्हणजे माफी. ही मुदतीआधीची सुटका असते आणि त्यानंतर माणूस परत आत जात नाही. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यात जन्मठेप झालेल्याला किमान 14 वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय अशी सुटका मिळत नाही. ही अट कायद्यात 1978 साली आली.

तिन्ही ठिकाणी ठरवणाऱ्यापुढे प्रश्न एकच असतो: हा माणूस बाहेर गेला तर शब्द पाळेल का? त्याचं उत्तर शोधायला कुठे पाहायचं, याचा एक मोठा धडा महाराष्ट्रातच आहे. 1939 साली औंध संस्थानात आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैदी शेती करत आणि बायकामुलांबरोबर राहत. ‘दो आँखें बारह हाथ’ या 1957 सालच्या चित्रपटामागची प्रेरणा हीच. माणसाला धरून ठेवण्याची जी ताकद घरात आणि कामात असते, ती त्या प्रयोगाने वापरून दाखवली. म्हणून रजेचा निर्णय करणाऱ्याला गुन्ह्याबरोबर घरही वाचता आलं पाहिजे.

2. अर्जाचा प्रवास

आता अर्जाच्या मागे मागे जाऊ. महाराष्ट्रात या रजांची चौकट 1959 सालच्या मुंबई तुरुंग (फर्लो व पॅरोल) नियमांनी घातली. तेव्हा गुजरातही मुंबई राज्यात होता. म्हणूनच 2021 साली गुजरातमधल्या एका फर्लोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमांचा अर्थ लावला आणि फर्लो हा कैद्याचा निरपवाद हक्क नाही, असं सांगितलं. आपल्याकडे या नियमांत पुढे 2016 आणि 2018 साली मोठ्या दुरुस्त्या झाल्या.

या चौकटीत संचित रजा मंजूर करण्याचा अधिकार कारागृह उपमहानिरीक्षकाकडे आणि नेहमीची अभिवचन रजा मंजूर करण्याचा अधिकार विभागीय आयुक्ताकडे आला. घरात मृत्यू झाला तर लागणारी तातडीची रजा तुरुंग प्रशासनाच्या पातळीवरच दिली जाते. म्हणजे ते लांबलचक टेबल इथे नाही. आपल्याकडे रजेचा निर्णय एक अधिकारी आपल्या खुर्चीत बसून, समोरची फाइल वाचून करतो.

त्या फाइलमध्ये काय असतं? तुरुंगातल्या वर्तणुकीची नोंद, शिक्षेचा तपशील, जामीनदाराचं नाव आणि सगळ्यात वजनदार कागद, म्हणजे पोलिसांचा चौकशी अहवाल. कैद्याच्या गावाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून कोणीतरी घरी जातो, पोलीस पाटलाला आणि शेजाऱ्यांना विचारतो, जबाब घेतो. ‘शांतता बिघडेल’ असा शेरा आला की संचित रजा नाकारता येते.

विभागीय आयुक्त प्रशासनातला मुरलेला माणूस असतो. महसूल, निवडणुका, आपत्ती, भूसंपादन, सगळं त्याने पाहिलेलं असतं. कारागृह उपमहानिरीक्षक तुरुंग आतून ओळखतो. पण ही दोन्ही माणसं त्या जागी येतात ती पदामुळे. माणसाचं मन कसं बदलतं, शिक्षा भोगून आलेला कशाने सावरतो, कशाने पुन्हा घसरतो, याचं शिक्षण किंवा अनुभव हवा, अशी वेगळी अट या सहीसाठी नाही. हा दोष त्या अधिकाऱ्यांचा म्हणता येणार नाही. नियम लिहितानाच ही जागा कोरी राहिली आहे.

3. पौषातली चौकशी: एक उदाहरण

कोऱ्या जागेचा परिणाम काय होतो, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

समजा, मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा माणूस नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात आहे. मोखाड्याहून त्र्यंबकमार्गे नाशिक गाठणं सोपं, स्वतःच्या जिल्ह्याचं ठिकाण पालघर त्याहून लांब. पाच वर्षं झाली आहेत, वर्तणूक चांगली आहे. त्याने संचित रजेचा अर्ज केला. चौकशी आली पौषात, म्हणजे जानेवारीत.

पोलीस शिपाई पाड्यावर पोहोचतो. कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं घर. दाराला कुलूप नाही, काथ्याने बांधलेलं आहे. ओट्यावर उखळ पालथं घातलेलं. शेजारच्या घरात एक म्हातारी आणि दोन लहान मुलं. शिपाई पंचनामा करतो आणि अहवाल जातो: ‘अर्जदाराचे घर बंद आढळले. कुटुंबीय मिळून आले नाहीत. जामीनदाराची ऐपत दिसून येत नाही. सोडल्यास फरार होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही अहवाल चुकला आहे. तो कसा, हे या मुलखाची ओळख असलेला माणूस लगेच सांगेल.

घर बंद का? भात, नागली, वरई हातात आली आणि दिवाळी सरली की इथली कुटुंबं वीटभट्टीवर जातात. भिवंडी, वसई, कल्याणकडे. मालकाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. बंद दाराचा अर्थ इथे ‘कुटुंब तुटलं’ असा होत नाही. कुटुंब कामाला गेलं आहे, एवढाच होतो. ते कधी परततं? शिमग्याला. होळी हा इथला मोठा सण. त्यासाठी लांबून माणसं पाड्यावर येतात. तीच चौकशी फाल्गुनात झाली असती तर घर उघडं असतं, बायको भेटली असती, भाऊ भेटला असता.

ऐपत का दिसली नाही? भाऊ जी जमीन कसतो, तो वनपट्टा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेली ही जमीन वारसाने पुढे जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. त्यामुळे जामिनासाठी ती दाखवायला भाऊ उभा राहतो, तेव्हा कागदावर त्याची किंमत शून्याजवळ येते. पाड्यावर मात्र तोच भाऊ चार माणसांत ज्याचा शब्द चालतो असा असू शकतो.

आता उदाहरणाची दुसरी बाजूही पाहू, कारण ती सोडली तर विचार लंगडा राहील. समजा, गुन्हा खुनाचा होता आणि ज्याचा जीव गेला त्याचं घर त्याच पाड्यावर, चाळीस पावलांवर आहे. त्याच्या बायकोला काय वाटतं? पाणवठा एक, वाट एक. जाणकार चौकशी करणारा तिच्याशीही बोलेल, एकट्याने, वेळ देऊन. कदाचित तो म्हणेल: ‘रजा द्यावी, पण या पाड्यावर नको. सासुरवाडीला, दुसऱ्या गावात राहावं.’ कदाचित म्हणेल: ‘यंदा नको, राग अजून ओला आहे.’ जाणकार दर वेळी ‘हो’ म्हणतो असं नाही. पण त्याच्या ‘हो’ला आणि ‘नाही’ला कारण असतं, आणि ते कारण कैद्यालाही समजतं.

4. जगात या टेबलामागे कोण बसतं?

सोयरीक जुळवताना आपण फक्त पत्रिका पाहत नाही. मामा माणूस पाहून येतो, आत्या घर पाहून येते, गावातला कोणी शेती आणि देणी यांची माहिती काढतो. प्रत्येकाची नजर वेगळी, म्हणून निर्णय पक्का. काही देशांनी पॅरोल मंडळ याच रीतीने रचलं आहे.

इंग्लंड आणि वेल्सचं पॅरोल मंडळ 1967 च्या कायद्याने आलं. मंडळात कोण असलंच पाहिजे, हे तिथला कायदा सांगतो: न्यायाधीश असलेली किंवा राहिलेली व्यक्ती, मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, सुटलेल्या कैद्यांची देखरेख आणि पुढची काळजी यांचा अनुभव असलेली व्यक्ती आणि गुन्हेगारीची कारणं किंवा गुन्हेगारांवरचे उपाय यांचा अभ्यास केलेली व्यक्ती. म्हणजे कायदा, मन, सुटकेनंतरचं आयुष्य आणि अभ्यास अशा वेगवेगळ्या नजरा.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने प्रत्येक सदस्यालाच पात्रता लावली. गुन्हेशास्त्र, कायदा, समाजशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र, वैद्यक अशा विषयांतली पदवी आणि अशा क्षेत्रातला किमान 5 वर्षांचा अनुभव हवा.

कॅनडाची रीत जव्हार-मोखाड्यासाठी सगळ्यात विचार करण्याजोगी आहे. तिथे मंडळातले सदस्य समाजाच्या विविध थरांतून यावेत, असं कायदाच म्हणतो. शिवाय कैदी आदिवासी समाजातला असेल तर त्या समाजातल्या एखाद्या वडीलधाऱ्याच्या उपस्थितीत सुनावणी घेता येते. ती वडीलधारी व्यक्ती निर्णय देत नाही. त्या समाजाची रीत, तिथले नातेसंबंध, माणूस गप्प राहिला तर त्या गप्प राहण्याचा अर्थ, हे ती मंडळाला समजावून सांगते.

5. आपल्याकडे मंडळ कुठे आहे?

रजेसाठी नसलं, तरी मुदतीआधीच्या सुटकेसाठी मंडळाची कल्पना भारतात आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 1999 साली राज्यांना शिक्षा पुनर्विलोकन मंडळाचा नमुना सुचवला आणि 2003 साली तो सुधारला. त्यात तुरुंग खात्याचे मंत्री किंवा गृह खात्याचे सचिव, विधी खात्याचे सचिव, उच्च न्यायालयाने सुचवलेले जिल्हा न्यायाधीश, पोलीस खात्यातला वरिष्ठ अधिकारी, कारागृह महानिरीक्षक आणि मुख्य परिवीक्षा अधिकारी असतात.

यातला शेवटचा शब्द थांबून समजून घेऊ. परिवीक्षा अधिकारी हे पद 1958 च्या अपराधी परिवीक्षा कायद्यातून येतं. गुन्हा केलेल्याच्या घरी जाणं, त्याची परिस्थिती पाहणं, न्यायालयाला अहवाल देणं आणि सुटल्यावर त्याला काम मिळवून द्यायला मदत करणं, हे त्याचं काम. त्या सगळ्या टेबलावर घर पाहणं हाच ज्याचा पेशा आहे असा माणूस एवढा एकच.

मंडळात खुर्च्या भरल्या म्हणजे काम झालं, असंही नाही. गुजरातमधल्या गोध्राच्या तुरुंग सल्लागार समितीत जिल्हाधिकारी, न्यायाधीश, पोलीस आणि तुरुंगाचे अधिकारी, समाजकल्याण अधिकारी होते. दोन आमदारही होते. 2002 च्या दंगलीतल्या बिल्किस बानो प्रकरणातले 11 दोषी या समितीच्या अनुकूल मतानंतर 15 ऑगस्ट 2022 रोजी सुटले. खटला मुंबईत चालला होता आणि मुंबईच्या विशेष न्यायाधीशांनी सुटकेला विरोध नोंदवला होता. 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली असल्याने माफीचा निर्णय महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हता, हे त्यामागचं मुख्य कारण. मात्र सुटकेनंतर लगेच बिल्किस बानो यांनी जे जाहीरपणे विचारलं होतं, ते आपल्या विषयासाठी त्याहूनही मोलाचं आहे: माझ्या सुरक्षिततेचा विचार कोणी केला का? पीडित माणसाचं ऐकून घेण्याची सवय आणि शिक्षण ज्याला आहे, असा सदस्य प्रत्येक टेबलावर का हवा, ते या एका प्रश्नातून कळतं.

काय तपासायचं हेही सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली लक्ष्मण नासकर खटल्यात सांगितलं आहे. गुन्हा समाजाला हादरवणारा होता का? तो पुन्हा घडण्याची शक्यता किती? गुन्हा करण्याची त्याची ताकद उरली आहे का? आत ठेवून आता काही साधणार आहे का? आणि घरची आर्थिक-सामाजिक स्थिती काय आहे? या पाच प्रश्नांतले किती फाइलवरून सुटतील, हे वाचकाने स्वतः ताडून पाहावं. पहिल्याचं उत्तर निकालपत्रात सापडेल. बाकी चार प्रश्नांसाठी माणसाशी आणि त्याच्या घराशी बोलावं लागतं.

6. मुलांसाठी जे सुचलं

‘सदस्यांची पात्रता कायद्यात लिहिणं आपल्याकडे जमणार नाही’ असं कोणी म्हणालं, तर त्याला 2015 चा बाल न्याय कायदा दाखवावा. 18 वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला तर तो बाल न्याय मंडळापुढे येतो. मंडळात 3 माणसं असतात: किमान 3 वर्षांचा अनुभव असलेले न्यायदंडाधिकारी आणि 2 सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली किमान एक स्त्री. कार्यकर्त्याने मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणासाठी किमान 7 वर्षं काम केलेलं असावं, नाहीतर बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र किंवा कायद्याची पदवी घेऊन त्या पेशात असावं.

कोण नको, हेही लिहिलं आहे. मानवी हक्क किंवा बालहक्क तुडवल्याचा इतिहास असलेला नको, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला नको, सरकारी नोकरीतून काढून टाकलेला नको, बालमजूर ठेवणारा नको. आणि नेमणुकीपासून 60 दिवसांत प्रशिक्षण झालं पाहिजे.

आता दोन भाऊ डोळ्यांसमोर आणा. एक 17 वर्षांचा, दुसरा 19 वर्षांचा. एकाच भांडणात दोघांच्या हातून एकच गुन्हा घडला. धाकट्याचा विचार करताना समाजात काम केलेली दोन माणसं टेबलावर असतील. थोरल्याला शिक्षा झाली आणि पुढे त्याने आईच्या आजारपणासाठी रजा मागितली, तर त्याच्या कागदाकडे त्या नजरेने पाहणारं कोणी तिथे असेलच असं नाही. घर तेच, आई तीच.

7. जव्हार-मोखाड्याचा जाणकार कसा असावा?

या दोन तालुक्यांत दर 10 माणसांत 9 हून अधिक आदिवासी आहेत: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला, पण पाड्यावरून कोकण विभागाच्या आयुक्तालयापर्यंतचं अंतर आजही दिवसभराचं आहे. तिथल्या अधिकाऱ्याने प्रत्येक पाडा पाहावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. त्याच्यापुढे जाणाऱ्या अहवालात मात्र पाडा दिसायला हवा. त्यासाठी अहवाल लिहिणाऱ्याला चार गोष्टी याव्यात.

पहिली, बोली. वारली किंवा कातकरी म्हातारीचं उत्तर सरकारी मराठीत उतरवताना निम्मं सांडतं. ‘तो आला तर भीती वाटते का?’ या प्रश्नावर ती गप्प बसली, तर ते गप्प बसणं संमतीचं की भीतीचं, हे तिची बोली बोलणाऱ्याला कळतं.

दुसरी, इथलं वर्ष. राब कधी भाजतात, आवणी कधी असते, माणसं भट्टीवर कधी जातात आणि कधी येतात. चौकशीची वेळ यावर ठरावी. परतीची तारीखसुद्धा. भर आषाढात पिंजाळ आणि वाघ या नद्यांना पूर आला, एसटी बंद पडली आणि माणूस एक दिवस उशिरा पोहोचला, तर कागदावर तो शब्द मोडणारा ठरतो. त्याची माफी कापली जाऊ शकते आणि पुढची रजाही अवघड होते.

तिसरी, मनाची जाण. दारूतून झालेला गुन्हा, भुताळीच्या संशयातून झालेला गुन्हा, जमिनीच्या वादातला गुन्हा, प्रत्येकात पुन्हा घसरण्याची वाट वेगळी असते. ती ओळखायला समाजकार्याचं किंवा मानसशास्त्राचं शिक्षण लागतं.

चौथी, पीडित कुटुंबाशी बोलण्याचा धीर.

अशी माणसं आहेत. परिवीक्षा अधिकारी हे पद कायद्यात आहे, त्याचा अहवाल रजेच्या फाइलीत पोलीस अहवालाच्या शेजारी सक्तीचा करता येईल. मुंबईतल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून कैद्यांबरोबर काम करत आला आहे. प्रशिक्षित समाजकार्यकर्ता तुरुंगात काय करू शकतो, ते त्या कामातून दिसलं आहे. तालुका विधी सेवा समित्यांकडे विधी स्वयंसेवक असतात, त्यांतले काही याच पाड्यांवरचे असू शकतात. जव्हार आणि मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला वेगळं स्थान दिलं आहे. गावातला जाणता माणूस सल्ला देण्यापुरता बोलावणं या परंपरेला धरूनच होईल. त्याला निर्णयाचा अधिकार मात्र देऊ नये, कारण गावातही गट असतात, भाऊबंदकी असते, आणि दुबळ्याचा आवाज चावडीवर दबतो.

‘आता कोणाला भेटायचं?’ या प्रश्नाचं आज देता येईल असं उत्तरही सांगून ठेवू. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. कुटुंब भट्टीवर जाणार असेल तर जाण्याआधी पोलीस पाटलाला भट्टीचा पत्ता आणि मोबाइल नंबर लिहून द्यावा, आणि तोच पत्ता तुरुंगातल्या माणसाला पत्राने कळवून अर्जात घालायला सांगावं. म्हणजे पौषात कोणी चौकशीला आलं आणि दार काथ्याने बांधलेलं दिसलं, तर अहवालात ‘मिळून आले नाहीत’ याऐवजी ‘भिवंडीजवळ भट्टीवर आहेत, होळीला परततील, फोनवर बोलणे झाले’ असं लिहिता येईल.